एकविसावा बोर्ड आणि शेवटची एसटी

रत्नागिरीतल्या आमच्या क्लबात दर शनिवारी संध्याकाळी ६ वाजता ब्रिज सुरू होतं, म्हणजे दोन जोड्यांनी समोरासमोर खेळायचा पत्त्यांचा खेळ. ७ टेबलं, फेरीला ३ बोर्ड (वाटून ठेवलेले डाव, तेच सगळ्या टेबलांवर फिरतात), एकूण २१. बोर्डाला साडेसात मिनिटं धरायची असा साधारण रिवाज आहे, म्हणजे पावणेनऊपर्यंत मोकळं व्हायला हवं. आम्ही उठायचो पावणेदहाला. मी राहतो पावस गावात. गेल्या पावसाळ्यात चार वेळा एसटी चुकली, चारही वेळा रिक्षाला पैसे मोजले आणि शेवटी कमिटीपुढे तोंड उघडलं. तक्रार करणाऱ्याचं आमच्याकडे जे होतं तेच झालं. "एवढं कळतंय तर तूच हो डायरेक्टर!" डायरेक्टर म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा.

पहिले दोन शनिवार मी खेळलो नाही, नुसता मोबाइलवर वेळ लावून फिरलो. हळू खेळणारा म्हणजे पत्त्यांकडे टक लावून बसणारा, अशी माझी समजूत होती. ती पार चुकीची निघाली. एका टेबलावर बोर्डाला नऊ मिनिटं लागली, त्यातली तीन कुणाच्या हातात पत्तेच नव्हते. सुरमईचा भाव, चहा, कुणाचा तरी चष्मा. बोली (किती हात जिंकू याचा लिलाव) संपली की उतारी करणारा, म्हणजे पहिला पत्ता टाकणारा, आधी पेन शोधणार, बोलीत ठरलेलं कॉन्ट्रॅक्ट लिहिणार, मग पत्ते उघडून विचारात पडणार. तोवर बाकीचे तिघं पंख्याकडे बघत. खरं तर उतारी आधी पालथी टाकायची आणि मग लिहायचं. तुम्ही लिहिता तोवर डमी (बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदाराचे उघडे पत्ते) पसरून होते. एवढं एक वळण लावलं तरी बराच फरक पडला.

आणि डाव संपल्यावरचं पोस्टमॉर्टेम! "चौकटीचा राजा तेव्हाच का नाही टाकलास?" पुढचा बोर्ड टेबलावर तसाच पडून, आणि दोघं मागच्या डावाची उत्तरक्रिया करतायत.

एक टेबल रेंगाळलं तर बाकीच्यांचं काय बिघडतं, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. आम्ही मिचेल पद्धतीने खेळतो: उत्तर-दक्षिण जागेवर, पूर्व-पश्चिम पुढच्या टेबलावर, बोर्ड मागच्या टेबलावर. ४ नंबर अडकला की ५ नंबरवाले जोडीची वाट बघतात आणि ३ नंबरवाले बोर्डांची. आणि हळू जोडीच जागेवर बसणारी असेल, तर तिथे येणारा प्रत्येक जण उशिराच सुटतो.

अशा जागेवर बसणाऱ्या आमच्या एका जोडीतले काका. वय ७८, क्लबातले सगळ्यात जुने, मला साधी बोली शिकवली ती यांनीच. काकांच्या हातात शेवटचे पाच पत्ते, पाचही हात त्यांचेच, हे अख्ख्या टेबलाला कळलेलं. पण पत्ते उघडे करून क्लेम करणार नाहीत, म्हणजे उरलेले हात माझे असं सांगून डाव संपवणार नाहीत. एकेक पत्ता ओढणार, चष्म्यावरून तिघांकडे बघणार, मग ठेवणार. मी हळूच म्हटलं, "काका, क्लेम करा ना, दोन मिनिटं वाचतील." तर म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेऊ?"

नियमांत दंड आहे. ब्रिजच्या २०१७च्या नियमावलीतल्या ९०व्या नियमात अवाजवी संथ खेळाचं नाव घेऊनच सांगितलंय. आम्ही ठरवलं की फेरी संपायला पाच मिनिटं असताना बेल, आणि त्यानंतर नवा बोर्ड काढायचा नाही. राहिलेल्या बोर्डाचे उशीर करणाऱ्या जोडीला ४० टक्के गुण, दुसरीला ६०; दोघांनीही थोडाथोडा घोळ घातला असेल तर ५०-५०. कागदावर सोपं. पण ज्यांच्याशी सोमवारी बाजारात गाठ पडणार त्यांना ४० टक्के द्यायचे कसे? मी पहिला दंड माझ्या मेहुण्याला केला. घरी काय झालं ते इथे नको, पण क्लबात पुढे कुणी आवाज चढवला नाही.

विचार करणं हा मात्र गुन्हा नव्हे, हे मलाही उशिरा उमगलं. डमी पसरल्यावर पहिल्या हातालाच थांबून अख्ख्या डावाचा बेत करणारा पुढे भराभर खेळतो. न थांबता सुरुवात करणारा सातव्या हाताला जो अडकतो, तो अडकतोच. घाई करवली तर चुका होतात आणि भांडणंही. हातात त्या रंगाचा एकच पत्ता असताना विचारात पडल्याचं नाटक करणारा वेगळा. त्याला वेळेचा नव्हे, फसवणुकीचा नियम लागतो.

दुसऱ्या गावी एका स्पर्धेत मी स्वतः पोळलो. समोरचे भयंकर हळू, आम्ही भिडेपोटी गप्प. शेवटचा बोर्ड रद्द झाल्यावर डायरेक्टरला सांगायला गेलो, तर म्हणाला, "तेव्हाच का नाही बोलावलंत?" दोन्ही जोड्यांना ५० टक्के. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, मागे पडताय असं दिसलं की लगेच हात वर करा. डायरेक्टरला बोलावणं म्हणजे चहाडी नव्हे.

काकांना मी पुन्हा काही बोललो नाही. परवाच्या शनिवारी शेवटच्या बोर्डाला त्यांनी आपणहून चार पत्ते उघडे केले आणि म्हणाले, "बाकीचे सगळे माझे." मी मनात हरखलो. तेवढ्यात डावीकडच्या वहिनींनी हळूच इस्पिकची सत्ती दाखवली. इस्पिक हुकूम होतं, आणि तो एक हुकूम बाहेर आहे हे काका विसरले होते. मला बोलावलं. त्यांनी हुकमाचा उल्लेखच केला नव्हता, त्यामुळे एक हात वहिनींना द्यावा लागला आणि कॉन्ट्रॅक्ट एका हाताने बुडालं.

काकांनी चष्मा काढला, पुसला. "काय रे, सांगितलं होतं ना तुला?"

घड्याळात पावणेनऊला पाच कमी होते. एसटी मिळाली.