इडाबाईंची प्रदक्षिणा

पन्नाशी गाठलेल्या बाईचे प्रवास लोकांनी आधीच ठरवून ठेवलेले असतात. चारधाम, अष्टविनायक, आणि मुलगी अमेरिकेत असेल तर तिचं बाळंतपण. मला पृथ्वीला एक फेरी मारायची आहे, एकटीने, असं मी घरात बोलले तेव्हा नणंदेने पहिला प्रश्न विचारला, "मग दादाच्या जेवणाचं?" दादाला कुकर लावता येतो, बटाट्याच्या काचऱ्याही बऱ्या जमतात. पण त्या वेळी दादा गप्प बसले.

तेव्हापासून मी इडा फायफरबाईंना मानते. व्हिएन्नाच्या, जन्म १७९७चा. चोवीस वर्षांनी मोठ्या वकिलाशी लग्न झालं, पुढे त्याची वकिली बसली. बाईंनी चित्रकलेच्या, संगीताच्या शिकवण्या करून दोन मुलगे वाढवले. ते मार्गी लागल्यावर १८४२ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, "मैत्रिणीला भेटायला कॉन्स्टँटिनोपलला जाऊन येते" असं सांगून निघाल्या आणि पोचल्या जेरुसलेमला, तिथून इजिप्तला. काय झकास थाप! मला कर्जतच्या पुढची थाप पचवता आलेली नाही.

१८४६ साली मात्र त्या सबंध पृथ्वीच्याच वाटेला लागल्या. ब्राझील, केप हॉर्नला वळसा घालून चिली, ताहिती, चीन, सिंगापूर, श्रीलंका, कोलकाता. दिल्लीहून मिळेल त्या वाहनाने कोटा, इंदूर करत १८४८ मध्ये अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, पुणे आणि मुंबई. बोरीबंदरची आगगाडी सुटायला अजून पाच वर्षं होती. म्हणजे वेरूळचं कैलास लेणं बघणारी ती परदेशी बाई तेव्हा नेमकी पन्नास वर्षांची होती. मी तिथे गेले ते शाळेच्या सहलीतून, आणि आठवतात फक्त माकडं.

दुसऱ्या फेरीत, सुमात्रात, त्यांना बताक लोकांनी अडवलं. हे लोक माणसं खातात असा त्यांचा लौकिक. बाईंनी त्यांच्या भाषेतले चार शब्द जुळवून सांगितलं, मी म्हातारी, माझं मांस चिवट, तुम्हाला काय चव लागणार? ते हसले आणि त्यांनी वाट सोडली. वयाचा इतका रोकडा उपयोग मी दुसरा ऐकलेला नाही. आपल्याकडे वय सांगितलं की फक्त खालचा बर्थ मिळतो.

आता चिवटपणा दाखवायचा तो व्हिसाच्या खिडकीवर. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कुठे राहणार, का परत येणार. तिकीट त्यामानाने सोपं. विमान कंपन्यांच्या गटांकडे जगप्रदक्षिणेचं सलग तिकीट मिळतं. अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही एकाच दिशेने ओलांडायचे आणि वर्षाच्या आत निघालो त्या देशात परतायचं.

पण दिशा कुठली? इथे सासूबाईंनी लक्ष घातलं. पॅसिफिकमध्ये वाररेषा लागते. पूर्वेकडे जाताना ओलांडली तर तोच दिवस पुन्हा येतो, पश्चिमेकडे जाताना एक दिवस गळतो, हे मी त्यांना संत्र्यावर पेनाने रेघ मारून दाखवलं.

"म्हणजे पूर्वेला गेलीस आणि नेमकी एकादशी असली तर दोनदा धरायची?"

"हो."

"आणि पश्चिमेला गेलीस तर बुडणार." त्या बराच वेळ संत्र्याकडे बघत राहिल्या. "पण सूर्य मेरूला उजवी घालतो तो पश्चिमेकडे जात. प्रदक्षिणा म्हणायची तर तीच खरी."

इडाबाईंनी पहिली फेरी पश्चिमेकडून मारली आणि दुसरी पूर्वेकडून, असं मी सांगून पाहिलं.

"तिला काय," सासूबाई संत्रं सोलत म्हणाल्या, "तिला उपास नव्हते."