नावं वर सरकत असताना

पणजी, २४ नोव्हेंबर

रात्र बरीच झाली आहे, पण आजचं आजच लिहून ठेवायला हवं.

दुपारी इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, एक मराठी चित्रपट पाहिला. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते त्या एका चित्रपटापुरतं नाही. त्यात आई कणीक मळते तेव्हा तिच्या बांगड्या वाजतात. सुरुवातीला तो आवाज इतका रोजचा वाटतो की कानावर पडूनही आपलं लक्ष जात नाही. पुढे नवरा जातो. तीच परात, तोच ओटा, तेच हात, आणि आवाज नाही. रडारड नाही, पार्श्वसंगीतही नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. माझा घसा दाटून आला होता.

नंतर मंडळी गप्पांसाठी पुढे आली. दिग्दर्शक, मालिकांमुळे घराघरांत पोहोचलेली अभिनेत्री, आणि अगदी टोकाला ध्वनीचं काम पाहणारा एक तरुण. प्रश्न जवळपास सगळे तिलाच. पुढचा प्रोजेक्ट कोणता, अमुक नटाबरोबर काम करताना कसं वाटलं. ती शांतपणे, नीट उत्तरं देत होती. तिने मन लावून काम केलंय, तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण माइक त्या मुलाकडे पोचला तेव्हा वेळ संपली होती. तो घाईघाईत सांगून गेला की चित्रीकरणाच्या वेळी पंख्याची घरघर येत होती, म्हणून बांगड्यांचा आवाज नंतर वेगळा घेतला. स्टुडिओत नुसत्या वाजवल्या तर खोट्या वाटायच्या. शेवटी एका बाईंना काचेच्या बांगड्या घालून खरीखुरी कणीक मळायला बसवलं. मनगटाचा जोर पडला की बांगड्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि आवाज बसका येतो, तो त्याला हवा होता. त्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आत सेल्फीसाठी लोक पुढे सरकले. मला फार वाईट वाटलं. आम्हाला ज्याने रडवलं तो तिथेच उभा होता, आणि त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी रेड कार्पेटपाशी हीऽऽ गर्दी. एक मोठा नट येणार होता. बॅरिकेडजवळ कॉलेजातली एक स्वयंसेवक मुलगी भेटली, दुपारपासून उभी. गाडी आली, आरडाओरडा झाला, आणि दोन मिनिटांत सगळं आटोपलंही. तिने मोबाइल पुढे केला. "ताई, बघा ना, मिळाला!" फोटोत एक खांदा, एक कान आणि कुणाचा तरी हात. तिचा चेहरा मात्र उजळून निघाला होता. त्या आनंदाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

चेहऱ्यावर जीव टाकणं आपल्याकडे आजचं नाही. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला आणि विष्णुपंत पागनीसांत लोकांना तुकोबाच दिसू लागले. पुढे कित्येक घरांतल्या तसबिरींत तुकोबांना त्यांचाच चेहरा मिळाला. त्या चित्रपटात गौरीबाईंनी केलेली जिजाई माझ्या मते तितकीच मोठी आहे. संसाराच्या ओढाताणीने वैतागलेली, तोंडाने फटकळ, आणि नवऱ्यावर जीव असलेली. पागनीसांची तसबीर झाली. गौरीबाईंचं नाव सांगणारा मात्र शोधावा लागतो. भक्ती एका चेहऱ्यापाशी थांबली की बाकीचे असे अंधारात जातात, आणि तोटा आपलाच होतो. पडद्यावर काय घडतंय ते आपल्याला अर्धंच दिसतं.

हा महोत्सव १९५२ साली मुंबईत सुरू झाला आणि २००४पासून गोव्यात भरतो. जगभरचे संकलक, छायालेखक, ध्वनीवाले एकाच गावात, मांडवीच्या काठाने चालताना भेटू शकतात, अशी सोय आपल्याला एरवी कुठे मिळते? तारे येऊ देत, त्यांच्यामुळे उत्सवाला रंग चढतो हे मला मान्य आहे. पण कार्पेटवर चालून, हात हलवून ते निघून जातात आणि आत त्यांच्याच सिनेमाच्या खेळाला खुर्च्या रिकाम्या राहतात, तेव्हा मला राग येतो. त्यांतला एक जरी आत येऊन प्रेक्षकांत बसला, तरी बाहेरचे निम्मे लोक मागोमाग आत येतील.

आणि आपण प्रेक्षक? शेवटी नावं वर सरकायला लागली की आपण पिशव्या आवरतो. पुढचा खेळ गाठायचा असतो, रांग लागलेली असते, हे मीही जाणते. पण बूम (लांब दांडीचा माइक) धरणारा, कपडेपट सांभाळणारी, रात्रभर जनरेटर चालवणारा, यांचं नाव जगात बहुधा तेवढ्याच एका जागी लिहिलेलं असतं. दिवे लवकर लावू नयेत एवढी विनंती मी आज थिएटरच्या माणसाला केली. त्याने ऐकून घेतलं. गप्पांच्या वेळी पहिला प्रश्न कलाकाराला सोडून दुसऱ्या कुणाला विचारायचा, अशी पद्धत आयोजकांनी पाडली तर किती बरं होईल! आयोजकांना तसं पत्र लिहिणार आहे.

त्या स्वयंसेवक मुलीला दुपारच्या चित्रपटाबद्दल सांगितलं. तिने अजून महोत्सवातला एकही सिनेमा पाहिलेला नाही, ड्युटी बाहेरच असते. परवा दुसरा खेळ आहे आणि तेव्हा ती मोकळी आहे. तिकीट नसलं तरी जागा उरली तर रश लाईनमधून, म्हणजे तिकीट नसलेल्यांच्या रांगेतून, आत सोडतात, फक्त लवकर येऊन उभं राहायचं. येते म्हणाली.