अंतर एकच, मग वेळ वेगळी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमी साधारण असाच असतो: ‘दोन विमानतळांमधलं अंतर काढलं, विमानाच्या वेगानं भागलं, तरी तिकिटावरच्या वेळेशी काही केल्या जुळत नाही. असं का?’

लंडनचं हीथ्रो आणि न्यूयॉर्कचं जेएफके घ्या. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलं तर अंतर सुमारे ५५४० किलोमीटर. (सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजत असाल तर ते आधी सोडा; गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता नकाशावर वाकडाच दिसतो.) ताशी ९०० किमी धरले तर उत्तर येतं सहा तास नऊ मिनिटं. तिकिटावर मात्र लंडनहून जाताना आठेक तास आणि येताना सातच्या आसपास.

यात मोठा हात वाऱ्याचा. विमानाचा जो वेग आपण ऐकतो तो हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, वाहते. समजा, ताशी १०० किमीचा वारा समोरून आहे. मग जमिनीवरचा वेग उरला ८००, म्हणजे सहा तास पंचावन्न मिनिटं. तोच वारा पाठीशी असेल तर पाच तास बत्तीस. गंमत बघा: जाताना ४६ मिनिटं गेली, येताना ३७ च मिळाली. जाऊन-येऊन फिटंफाट होईल असं लोक गृहीत धरतात, ते होत नाही, कारण उलटा वारा आपल्याला जास्त वेळ छळतो.

९ फेब्रुवारी २०२० ला वादळी वारा पाठीशी घेऊन एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं. वाटेत जमिनीवरचा वेग ताशी १३०० किमीच्या वर गेला होता, तरी ध्वनीचा वेग त्यानं ओलांडला नव्हता. आजूबाजूची हवाही त्याच दिशेनं धावत होती ना!

बाकीचा हिशेब बहुतेक जमिनीवरचा. तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उतरण्याआधी आकाशात घिरट्या, शिवाय उशीर झालाच तर सांभाळून घ्यायला कंपनीनं धरलेली थोडी ढील, सगळं त्यात आलं.

कधी रस्ताच बंद होतो. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. विमानतळ जागच्या जागीच होते!

नुसता अंदाज हवा असेल तर किलोमीटरला ८५० नं भागा आणि वर पाऊण तास धरा. लांब पल्ल्याला पूर्व-पश्चिम बघून थोडं कमी-जास्त करा. आणि हो, निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ थेट वजा करू नका. दोन्ही आपापल्या गावच्या घड्याळानं छापलेल्या असतात.