'माझा', 'माझी' आणि झिरो

अकाउंट्समध्ये बसते, म्हणजे दिवसातून पन्नासदा तरी 'झिरो' तोंडात येतो. सोळा वर्षं तो मी चुकीचा म्हणत होते, हे एका रीलमुळे कळलं. रीलमधली बाई नुसत्या झेडवर बोलत होती. मोबाइल पोळपाटाशेजारी उभा करून तिच्यामागोमाग म्हणून पाहिलं, जमेना. मग डोक्यात उजेड पडला: आपल्याकडे झ दोन आहेत. 'माझा'तला वेगळा, 'माझी'तला वेगळा. मी 'माझी'तला लावत होते, हवा होता 'माझा'तल्यासारखा. पण त्याच्यापुढे ई म्हणायची आपल्या जिभेला सवयच नाही. दोन दिवस भाजी चिरताना झीऽ झीऽ चाललेलं. लेक म्हणाला, "आई, माशी शिरलीय का घरात?"

नुसती रील्स बघून इंग्रजी बोलता येतं म्हणणाऱ्यांना मात्र माझा लांबूनच नमस्कार. वर्षभर बघितली. यूट्यूबचा स्पीड ०.७५ करून ऐकलं. कान तयार झाला, पण क्लायंटच्या कॉलवर मी आपली म्यूटच.

तोंड उघडलं ते व्हॉट्सॲपवर. लातूरची शाळेतली मैत्रीण आणि मी, दोघी मराठी मीडियमच्या. ठरलं असं, की रोज रात्री एक मिनिटाची व्हॉइस नोट इंग्रजीत पाठवायची, आधी लिहून काढायची नाही. पहिल्या रात्री अकरा वेळा बोट डावीकडे सरकवून रद्द केली. बाराव्यांदा गेली ती एकोणीस सेकंदांची. स्वतःचा आवाज ऐकणं म्हणजे शिक्षाच, पण त्यातच सापडतं सगळं. दर वाक्याला 'ॲक्च्युअली'. आणि 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स'!

परवा सासूबाईंनी कुरडयांचा घाट घातला होता, म्हणून तोच विषय घेतला. 'वी सोक द व्हीट फॉर थ्री डेज...' मैत्रिणीचं उत्तर येईना. बघते तर नोट सोसायटीच्या ग्रुपवर! डिलीट करेपर्यंत बऱ्याच जणांनी ऐकलेली. घाम फुटला.

तेवढ्यात बी विंगमधल्या काकूंचा मेसेज: "तीन दिवस? उन्हाळ्यात वास येतो हो. पाणी रोज बदलता ना?"

इंग्रजीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. रात्री मैत्रिणीनेच काढला: "गव्हाला व्हीट नाही गं, वीट म्हणतात. ओठ गोल कर."

काकूंना मी व्हॉइस नोटच पाठवली होती. "येस काकू, एव्हरी मॉर्निंग."