एक सेंटिमीटरची फट

रविवार, रात्री उशिरा

“मळवलंस कशाला?”

एवढंच म्हणाले अप्पा. काल संध्याकाळी चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आले, मी बनवलेलं मिग विमानाचं छोटं मॉडेल उचललं, चष्मा कपाळावर चढवून पार नाकापाशी नेलं, पंखावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि एवढं बोलून ठेवून दिलं. मग बातम्या लागल्या म्हणून बाहेर गेले. कप माझ्याच टेबलावर राहिला.

लागलं मला. या वयात असं लागून घ्यायचं नसतं हे कळतं, पण लागलं. सुहास म्हणाला, “अगं, त्यांना काय कळतंय त्यातलं!” हीच तर पंचाईत आहे. मॉडेलमधलं त्यांना कळत नाही हे एक वेळ खरं, पण मिगमधलं मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं असं म्हणायची माझी काय प्राज्ञा? उभी हयात मिगमध्ये काढलेला माणूस. विमानं बनवणारा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, एचएएलचा कारखाना तो, पण आमच्याकडे अजूनही ‘एचएएलमध्ये’ म्हणत नाहीत, ‘मिगमध्ये’ म्हणतात. गावाचं नावसुद्धा ओझर मिग.

मुळात हे मिग काही अप्पांसाठी केलेलं नव्हतं. नव्हतंच. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा दिवसभर सगळ्या चॅनेलांवर ‘उडती शवपेटी’ चाललं होतं. अप्पांनी रिमोट घेतला, आवाज बंद केला आणि नुसतं चित्र बघत बसले. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. आई असती तर बोलली असती. त्याच आठवड्यात मी किट मागवला हा आपला योगायोग.

चेक कंपनीचा, एडुआर्डचा किट, १:४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसपट लहान. खऱ्या मिगचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, माझे जेमतेम १५ सेंटिमीटर. मला एकाहत्तरच्या लढाईतलंच हवं होतं, म्हणजे मिग-२१चा एफएल हा प्रकार. त्याची वैमानिकाच्या डोक्यावरची काच पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, अख्खी वर उचलली जाणारी. नंतरच्या मिगची उजवीकडे कलते. या एवढ्याशा फरकावर माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात, असा हा आमचा छंद. एफएलला स्वतःची तोफ नव्हती. क्षेपणास्त्रं आली, आता तोफा हव्यात कशाला, असा तो काळ. ते अंगाशी आलं तेव्हा पोटाखाली लटकवायची पेटी आली, जीपी-९, आत २३ मिलिमीटरची दुनळी तोफ. १२ डिसेंबर १९७१ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानचं स्टारफायटर विमान पाडलं ते याच तोफेनं. माझं विमान त्यांचंच असा दावा नाही, पण पेटी मात्र लावली आहे आणि तिच्या मागे पोटावर काजळीचा एक लांब ओघळ. काळ्या पेस्टलची पूड, कोरडा ब्रश, हात अगदी हलका. मला आवडला होता तो ओघळ.

आणि हो, मळवलं मी. मुद्दाम मळवलं. त्याला फार कष्ट पडतात.

आधी चकचकीत काळा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा लॅकर, इतका पातळ की एअरब्रशमधून काही बाहेर पडतंय की नाही तेच कळू नये. हा थर जमला तेव्हा मिग खरोखर झगझगलं. मग त्यावर चक्क हेअरस्प्रे. आपला डोक्याला मारायचा तोच, दुकानातला सगळ्यात स्वस्त. तो वाळला की वर अ‍ॅक्रिलिकचे हिरवे आणि मातकट पट्टे. आणि मग कोमट पाण्यात बुडवून झटकलेला ब्रश घेऊन बसायचं. घासायचं नाही, नुसतं टोकानं डिवचायचं. खालचा स्प्रे विरघळतो, वरचा हिरवा भुरभुर सुटतो आणि आतली चांदी डोकावते. पंखाच्या पुढच्या कडेला, वैमानिक पाय ठेवतो तिथे, सतत उघडणाऱ्या झाकणांच्या भोवती. हे उगाच नाही. आपली मिग चांदीसारखी उघड्या धातूचीच होती. लढाईच्या धामधुमीत वरून दिसू नयेत म्हणून त्यातल्या कितीतरींवर तळावरच घाईघाईनं रंग मारले. जे हाताशी असेल ते, जमेल तसे. एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. घाईत मारलेला रंग टिकणार किती? तो निघणारच, आणि मला तो निघणाराच रंग दाखवायचा होता.

एवढं सगळं त्यांना सांगायला हवं होतं का? कधी सांगायचं? ते उभे किती वेळ होते! दिवाळीपासून रोज बँकेतून आल्यावर, स्वयंपाक आटोपून, सगळे झोपले की दिवा लावून बसते मी. ट्वीझर, नखाएवढे तुकडे, पाठीचं काय ते विचारूच नये. कुणी म्हणत नाही की बघू काय चाललंय. शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं तेव्हा अप्पा दुसऱ्या पाळीला होते. पदवीच्या वेळेला ओव्हरटाइम. आणि आता घरातच आहेत, दिवसभर रिकामे आहेत, तर एकदाच आले आणि दोन शब्द बोलून गेले. त्यातही मळच दिसला. चांदी दिसली नाही, काच दिसली नाही, उतरताना वेग मारणारी मागची पॅराशूट असते तिचं दार दिसलं नाही.

हे वाचून माझं मलाच हसू येतंय. पन्नाशीला टेकलेली बाई, प्लॅस्टिकच्या विमानापायी बापावर रुसली आहे.

आज दुपारी जेवणं झाल्यावर परत आले. हातात त्यांची स्टीलची पट्टी. ती ते कुणाला हात लावू देत नाहीत. बसले, आणि मिगकडे बोट न करता विचारलं, “ह्या काळ्या रेघेची रुंदी किती असते?”

“पॉइंट दोन मिलिमीटर असेल. का?”

“गुणिले अठ्ठेचाळीस.”

मी मुकाट्यानं गुणाकार केला. नऊ पॉइंट सहा.

“म्हणजे सेंटिमीटरभर फट,” अप्पा म्हणाले. “दोन पत्र्यांच्या मध्ये. आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणाऱ्या विमानाला. आणि हे ठिपके रिव्हेटचे ना, पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचे? खड्डे आहेत हे. वर त्यात काळं भरलंयस. इन्स्पेक्शनवाल्यानं जॉब अंगावर फेकला असता.”

तर मळ म्हणजे हा! मी इतका वेळ काजळीवर आणि उडालेल्या रंगावर भांडत होते, तेही मनातल्या मनात, आणि यांचं म्हणणं सांध्यांबद्दल. रेघांत आणि रिव्हेटच्या टिंबांत उतरावं म्हणून मी पातळ काळपट वॉश सोडला होता, तो त्यांना टोचला. त्यांच्या हिशेबात सांधा दिसायचाच नसतो. रिव्हेट ठोकला की त्यावरून नख फिरवायचं. नख अडलं की रिव्हेट काढायचा, पुन्हा ठोकायचा. काल माझ्या पंखावर फिरलं ते हे नख.

मीही सोडलं नाही. म्हटलं, अप्पा, एवढ्याशा वस्तूवर खरी रेघ काढली तर ती कुणालाच दिसणार नाही, मग ते विमान न वाटता साबणाची वडी वाटेल. डोळ्याला दिसावं म्हणून थोडं वाढवून सांगावं लागतं. जगभर यावर वाद आहे आणि मी वाढवून सांगणाऱ्यांच्या बाजूची आहे. तेही शांतपणे ऐकून घेतलं. “नाटकातला मेकअप,” म्हणाले. मान्य केलं की टोमणा मारला, कळायला मार्ग नाही.

“आणि ही काजळी?” मी विचारलं.

“तोफेची ना? राहू दे. ती आमच्या हातून गेल्यानंतरची.”

“रंग उडालाय तो?”

“तो एअरफोर्सनं मारलेला. उडणारच.” हे सांगताना चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते एखाद्या सुनेच्या भाजीत मीठ जास्त झाल्यावर असतं ना, तसलं.

मग बसल्या बसल्या आपणहूनच बोलायला लागले. रिव्हेटला दोघं लागतात. एक बाहेर गन घेऊन, एक आत जडशीळ लोखंडी ठोकळा दाबून. मध्ये पत्रा. कोणी कोणाला दिसत नाही आणि आवाज असा की बोलायची सोय नाही. मग पत्र्यावर टकटक करून सांगायचं, झाला, किंवा अजून एकदा हाण. आतला माणूस म्हणजे बहुतेक अप्पाच, अंगानं बारीक म्हणून. त्या शेपटाच्या पोकळीत किती वेळ बसायचं, उन्हाळ्यात काय व्हायचं, ते आज पहिल्यांदा ऐकलं. बोलताना ते माझ्या टेबलावर बोटानं टकटक करून दाखवत होते. दोनदा म्हणजे ठीक. डाव्या कानाचं मशीन त्यांनी लावलेलं नव्हतं, त्यामुळे मी विचारलेलं निम्मं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

तरी एक शंका जात नाहीये. काल पहिल्यांदा बघितलं तेव्हाही त्यांना फटीच खुपल्या होत्या, की रात्री माझं तोंड बघून सकाळपर्यंत हे गणित जुळवून आणलं? सुहासनं जाऊन सांगितलं असेल. त्याला राहवत नाही. अप्पा कुणाची समजूत काढण्यातले नाहीत, निदान आमची कधी काढली नाही. पण आता वयानं माणूस बदलतो म्हणतात. विचारलं तर सांगणार नाहीत. आणि टीव्हीचा आवाज बंद केला त्या दिवसाचं तर मी आज विचारणारच होते, तेवढ्यात त्यांना झोप आली.

उठता उठता फर्मान सुटलं: हे असंच राहू दे, पण एक नवंकोरं कर, आमच्याकडून बाहेर पडायचं तसं. चांदीचं. डाग नाही, रेघ नाही, रंग नाही, फक्त केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं आणि ‘सी’ने सुरू होणारा नंबर. नंबर मी सांगतो म्हणाले.

म्हणजे किटमधल्या सगळ्या रेघा पुटीनं बुजवायच्या, एकेक टिंब भरायचं, घासून सपाट करायचं. आणि उघड्या धातूच्या रंगाखाली केसाएवढा ओरखडासुद्धा लपत नाही. वर दुसरा किट तिकडून मागवायचा तर कस्टमचे पैसे कोण भरणार, त्याबद्दल अप्पा काही बोलले नाहीत.