कोपराला विचार

टोरोंटोत जानेवारीत बाहेर पडताना मी पायात मोज्यांच्या दोन जोड्या चढवते आणि बॅगेत आणखी बारा टाकते. त्या बारा माझ्यासाठी नसतात. दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या तळघरात बेघर लोकांसाठी जेवण असतं. त्या हॉलच्या एका कोपऱ्यात, भांडी घासायच्या सिंकला लागून, मी आणि एक फिलिपिनो नर्स अशा आम्ही दोघी पाय बघतो. चार प्लॅस्टिकचे टब, टॉवेलांची चळत, जाड नखं कापायची पकड आणि खोबरेल तेलाची निळी बाटली, एवढाच आमचा दवाखाना.

असं तळघर उघडायची पद्धत या शहरात जुनी आहे. 1987 मध्ये सुझन मोरन नावाच्या एका कॅथलिक सिस्टरने शाळेतल्या मुलांना घेऊन सुरुवात केली. मग एकेका चर्चने आणि ज्यू लोकांच्या सिनेगॉगनेही हिवाळ्यात दारं उघडली. आमच्याकडे मुक्कामाची सोय नाही, फक्त जेवण आणि पाय.

पायच का, असं मिरजेहून आई फोनवर विचारते. अगं, ही माणसं दिवसभर चालतच असतात. बसू कोण देतं? रस्त्यावर मीठ टाकून वितळवलेल्या बर्फाचा चिखल बुटात शिरतो. रात्री बूट काढावेत तर सकाळपर्यंत चोरीला जातात, म्हणून ते काढतच नाहीत. चार-चार दिवस ओल्या मोज्यात राहिलेला पाय पांढरा पडतो, सुरकुततो, कातडी सुटायला लागते. त्याला बर्फच पडायला हवा असंही नाही, ओल आणि गारठा पुरतो.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. साठीचे एक गृहस्थ आले, डायबेटिसचे. मी टबात पाणी ओतलं, हातात रबरी मोजे होतेच. विचारलं, गरम नाही ना? म्हणाले, छान आहे. बोलता बोलता खाली बघितलं तर घोट्यापर्यंत पाय लालभडक. झटकन बाहेर काढला म्हणून फोड आले नाहीत. ते आपले शांतपणे सूप पीत होते. पायाची संवेदनाच गेलेली, त्यांना काय कळणार?

त्या रात्री बसमध्ये आजी आठवली. लाज वाटली ती तिचीच.

आजी मिरजेला कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात ड्रेसर होती, जखमा धुऊन पट्ट्या बांधायची. कुष्ठरोगात नसा मरतात, दुखणं कळत नाही. माणूस खिळ्यावर चालतो, चुलीतला निखारा हाताने उचलतो, आणि जखम चिघळली की मग येतो. लहानपणी सुट्टीत मी तिचा डबा घेऊन जायची. पेशंट घमेल्यात पाय सोडून ओळीने बसलेले असायचे. वीसेक मिनिटं पाय भिजवायचे, घट्टे खरवडायचे, आणि कातडी ओली असतानाच वरून तेल चोळायचं, म्हणजे ओलावा आत राहतो. पाणी बघताना आजी बाळाच्या आंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून बघायची. एकदा मी शहाणपणाने एका आजोबांना विचारलं, पाणी गरम आहे का? आजी खेकसली, "पायाला काय इचारतीस? कोपराला इचार."

नर्सिंग केलं, इथल्या परीक्षा दिल्या, आणि तेवढंच विसरले.

आमच्या पाळकांना मी मिरजेची आहे हे कळलं तेव्हा ते हरखूनच गेले. मिरजेचे मिशनरी डॉक्टर वानलेस मूळचे कॅनडाचे. ते 1889 मध्ये भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. तेव्हा पाळकांनी रविवारच्या उपदेशात सांगून टाकलं की इथून गेलेलं बी फळ होऊन परत आलं. मी मान खाली घालून बसले. अहो, मी नोकरीसाठी आले, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला म्हणून राहिले. मंगळवारी मोकळी असते म्हणून तळघरात जाते.

इथे 'सेवा' या अर्थाचे शब्द फार सहज येतात, आभारही फार मानतात. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी तर पाय धुण्याचा विधीच असतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले, योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे ते. त्या दिवशी लोक घरून पाय स्वच्छ धुऊन येतात! मला हसू आवरत नाही. शिष्यांचे पाय धुळीने माखलेले असणार की. आजीला कुणी म्हटलं, बाई तुम्ही केवढी सेवा करता, तर ती म्हणायची, "ड्युटी हाय. सेवा देवळात, रविवारी."

ते गृहस्थ पुढच्या मंगळवारी येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. मी रबरी मोजा काढला, बाही वर सारली आणि कोपर टबात बुडवलं. ते बघतच राहिले. मी सांगितलं, आमच्या गावची पद्धत. वीस मिनिटांनी खोबरेल तेल चोळलं, नवे मोजे चढवले. त्यांनी एक पाय उचलून नाकाजवळ न्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा तेलाची बाटलीच हुंगली.

"बिस्किटांचा वास येतोय," म्हणाले, आणि दुसऱ्या पायाला जरा जास्त लाव म्हणून पुढे केला.