हेराल्डचा पाटा चढवला आणि परत उतरवला, माझा अनुभव

मामांची हेराल्ड माझ्याकडे आली तेव्हा मागून पार बसलेली होती. दोन दाराची, १९६५ ची, मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड. मागून बघितलं की दोन्ही चाकं पाय फाकवून उभी असल्यासारखी, वरून आत आणि खालून बाहेर, मला ते बघवत नव्हतं म्हणून पहिलं काम काय केलं तर हायवेवरच्या एका पाटेवाल्याकडे नेऊन मागच्या पाट्याला, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगला, कमान मारून घेतली, वर एक जादा पाटा पण टाकायला लावला. गाडी मागून जवळजवळ दोन इंच उठली, लै ऐटीत दिसायला लागली, आणि तिथंच चुकलं.

दोन महिन्यांनी तुळजापूरहून परत येताना घाट उतरत होतो, एका डाव्या वळणाला स्पीड जरा जास्त वाटला म्हणून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला तर मागची बाजू कोणी उचलल्यासारखी झाली आणि गाडीची शेपूट उजवीकडे निघाली. समोरून उसाची ट्रॉली येत होती, मधे अंतर होतं म्हणून वाचलो. बायको शेजारी होती, सोलापूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर मी या सस्पेन्शनच्या मागेच लागलो. हेराल्डला मागे सरळ ॲक्सल नाही, स्विंग ॲक्सल आहे. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटणारा गोळा, चासीला पक्का, दोन्ही बाजूचे ॲक्सल फक्त आतल्या टोकाच्या सांध्यावर वरखाली होतात आणि डोक्यावर एकच आडवा पाटा. त्यामुळं मागची बॉडी वर उचलली की चाकं खालून आत ओढली जातात आणि टायर कडेवर उभा राहतो. वळणात पाय काढला की वजन पुढं जातं, मागची बाजू उचलते, आणि माझी गाडी तर पाटा चढवल्यामुळं उभी असतानाच तशी होती. म्हणजे मामांची बसलेली गाडी वळणाला माझ्या नटवलेल्या गाडीपेक्षा भरवशाची होती, हे कळायला मला घाट लागला.

मापायला काही मशीन लागत नाही. गवंड्याचा ओळंबा घेतला, सपाट फरशीवर गाडी, पुढं दोन माणसं बसवली आणि मागच्या चाकाच्या रिमला दोरी लावली. दोरी वरच्या कडेला टेकली आणि खालच्या कडेशी चौदा मिलिमीटर फट. तेरा इंची रिमला हे साधारण सव्वादोन अंश होतात, उलट्या बाजूचे, म्हणजे चाक वरून बाहेर.

आता काय बसवायचं यावर तीनेक महिने डोकं खाल्लं. इंग्लंडात हीच चासी आखूड करून १९६२ ला ट्रायम्फ स्पिटफायर काढली, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी, त्यामुळं तिचं बरंच सामान हिला चालतं आणि आजही तिकडून मिळतं. स्पिटफायरला हाच त्रास होता. १९७० ला मार्क फोरमधे त्यांनी स्विंग स्प्रिंग आणली, म्हणजे एक पाटा पक्का आणि बाकीचे मधल्या पिनवर झुलणारे, आणि मागचा कडकपणा कमी झाला म्हणून पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी झुकू न देणारी सळई, जाड केला. इलाज पक्का आहे पण दोन्ही एकत्र करावं लागतं, नुसता पाटा बदलला तर गाडी वळणात झुकते, आणि पाटा म्हणजे वजन, कुरिअर आणि कस्टम धरून आकडा बघितला आणि सोडून दिलं. दुसरा पर्याय आखूड कडक स्प्रिंगा टाकून चारी बाजूनी गाडी खाली करायची. फोटोत भारी दिसतं, पण होटगी रोडचे स्पीडब्रेकर बघितलेल्या माणसानं हे करू नये. आपल्याकडं काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, वरचा डांबरी रस्ता लाटा घेतो. अशा रस्त्यावर चाकाला खाली-वर जायला जागा पाहिजे, कडक गाडी नुसती उडते.

शेवटी फक्त मागून एक इंच खाली घ्यायचं ठरवलं. एमआयडीसीजवळ एक म्हातारे अण्णा आहेत, हयात पाट्यातच गेलेली. ते म्हणाले, "जादा पाटा कोणी टाकला ओ? ही काय मालट्रक हाय काय?" मागची सीट काढली, खालचं पत्र्याचं झाकण काढलं की डिफरन्शियलच्या डोक्यावर सहा स्टडमधे पाटा दिसतो. अण्णांनी जादा पाटा काढला, बाकीचे एकेक करून कमान कमी केली, पट्ट्यांच्या मधले घासलेले बटण नवीन टाकले. परत ओळंबा लावला तर आता फट वरच्या बाजूला, सहा मिलिमीटर.

पैसे खर्च केले ते शॉकपवर. कोपरा दाबून सोडला की गाडी तीन-तीन वेळा हलायची, म्हणजे जुने शॉकप संपलेले. स्प्रिंग वजन धरते, हलणं थांबवायचं काम शॉकपचं. इंग्लंडहून ॲडजस्टेबल मागवले, पहिल्यांदा मधे ठेवले तर मागून दणके, मग सगळ्यात मऊपासून तिसऱ्या खाचेवर आणले, तिथंच आहेत. पॉली बुश, म्हणजे रबराऐवजी कडक प्लास्टिकचे बुश, फक्त स्टिअरिंग रॅकच्या माउंटिंगला टाकले. चाक धरणाऱ्या आर्मला रबरच ठेवलं, रोज रस्त्यावर चालवायची गाडी आहे.

हेराल्डचं पूर्ण बॉनेट पुढं उलटतं, पुढच्या टायरवर बसून काम करता येतं. तसं बसून बघताना ट्रनियनमधे, म्हणजे पुढचं चाक वळतं तिथल्या खालच्या सांध्यात, कोणीतरी वर्षानुवर्षं ग्रीस मारलेलं दिसलं. तिथं ईपी नव्वद, म्हणजे गिअरचं जाड ऑइल लागतं, ग्रीस घट्ट होतं, पाणी आत राहतं, आत बसणाऱ्या, चाक धरणाऱ्या पोलादी लिंकचे आटे गंजतात आणि एक दिवस चाक आडवं होतं. डावी लिंक उघडली तर आट्यांवर गंजाचा थर. दोन्ही बदलल्या. हे अपग्रेडच्या आधी करायला पाहिजे होतं, मी नंतर केलं.

टायरची हवा पण स्वतः तपासतो, हवावाला सगळीकडं तीस पौंड मारतो. मी मागं पुढच्यापेक्षा पाच पौंड जास्त ठेवतो.

मागच्या मंगळवारी आईला तुळजापूरला नेलं. परत येताना तेच डावं वळण, मुद्दाम हळू घेतलं आणि मधे थोडा पाय काढून बघितला. गाडी जरा झुकली आणि सरळ निघाली. आई मागं झोपली होती. आता पुढच्या स्प्रिंगांची उंची मोजायची राहिलीय, डावीकडं किंचित जास्त बसलीय असं वाटतंय.